वाचक येतो कुठून, थांबतो कुठे

2010 साली शिकागोतल्या रोखे बाजारातली नोकरी गेल्यावर ब्रँडन स्टँटन नावाचा तरुण कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कला आला. शहरातल्या 10,000 माणसांची छायाचित्रं काढायची आणि ती नकाशावर त्या त्या जागी लावायची, एवढीच त्याची योजना होती. त्यासाठी त्याने ‘ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क’ हा ब्लॉग सुरू केला. त्याने छायाचित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, न्यूयॉर्कमध्ये ओळखीपाळखीही नव्हत्या. सुरुवातीला त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. तीच छायाचित्रं तो फेसबुकवरही टाकत होता.

एक दिवस टाकण्याजोगं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्याने आधी बाजूला ठेवलेलं एक छायाचित्र काढलं. केसांपासून कपड्यांपर्यंत सगळं हिरवं असलेल्या एका बाईचं. छायाचित्र म्हणून ते त्याला फार जमलेलं वाटलं नव्हतं. पण बोलता बोलता ती बाई तिच्या हिरव्या रंगाविषयी जे सांगून गेली होती, ते त्याच्या लक्षात होतं. ते दोन-तीन ओळींत त्याने खाली लिहिलं. तोवरच्या त्याच्या कुठल्याही छायाचित्राला मिळाला नव्हता एवढा प्रतिसाद त्याला मिळाला. तिथून पुढे तो माणसांना थांबवून त्यांच्याशी बोलू लागला, आणि नकाशाची कल्पना मागे पडली. 2013 साली त्याचं पहिलं पुस्तक आलं आणि ते अमेरिकेत खपाच्या याद्यांवर वर गेलं. छायाचित्र आणि त्याखाली त्या माणसाचे शब्द ही मांडणी पुढे जगभरच्या शहरांनी उचलली.

सोशल मीडियाचा ब्लॉगरला काय फायदा, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो प्रसिद्धी. लेख लिहावा, दुवा टाकावा, वाचक यावेत. हे खोटं नाही, पण तो फायद्याचा लहानसा भाग आहे. स्टँटनला फेसबुकने वाचक दिले, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचा खरा विषय कोणता हे दाखवून दिलं. ब्लॉगच्या पानावर आकडे दिसतात: इतके आले, इतके गेले. कोणत्या वाक्याशी वाचक थबकला, हे आकडे सांगत नाहीत. ते कळतं प्रतिक्रियांमधून, वादातून, ‘आमच्याकडेही असंच होतं’ या एका वाक्यातून. ज्याला आपला वाचक ओळखायचा आहे, त्याच्यासाठी सोशल मीडिया ही आजवरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी सोय आहे. तिचा उपयोग नुसता दवंडी पिटायला करणं म्हणजे तिचा चांगला भाग टाकून देणं होय.

अर्थात, दवंडीही धड पिटता आली पाहिजे. आणि इथे मराठी ब्लॉगरच्या वाट्याला काही खास अडचणी येतात, ज्यांच्याविषयी इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत एक ओळ सापडत नाही.

पहिली अडचण पत्त्याची. वर्डप्रेसवर मराठी मथळा दिला की लेखाचा पत्ताही देवनागरीतच तयार होतो. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो. पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याचं रूप पालटतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा संगणकात तीन बाइटची असते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हामागे दोन अक्षरं-आकडे लावून लिहिला जातो. म्हणजे एका मात्रेला नऊ चिन्हं. ‘मोडी’ एवढ्या छोट्या शब्दाची 36 चिन्हं होतात. सात-आठ शब्दांचा मथळा असेल तर मोबाइलच्या पडद्यावर अगम्य चिन्हांची भिंतच उभी राहते. बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या संदेशांना पोळलेला माणूस असल्या दुव्यावर बोट ठेवायला धजत नाही, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही. गूगलच्या ब्लॉगरवर नेमकी उलटी गत आहे: मराठी मथळा त्याला पत्त्यात घेता येत नाही, म्हणून तो ‘ब्लॉग-पोस्ट’ असं मोघम नाव देतो आणि पुढच्या लेखांना त्यालाच आकडे जोडत जातो. दोन्हींवर उपाय एकच. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता स्वतः, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहावा. जुन्या लेखांचे पत्ते मात्र उगाच बदलू नयेत. आधी लोकांनी पाठवलेले दुवे त्याने तुटण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट दुव्याबरोबर दिसणाऱ्या चौकटीची. दुवा टाकला की खाली चित्र, मथळा आणि दोन ओळींचा सारांश आपोआप उमटतो, तो हवेतून येत नाही. फेसबुकने 2010 साली ‘ओपन ग्राफ’ नावाची पद्धत आणली. लेखाच्या पानाच्या पोटात तीन-चार खुणा ठेवायच्या: मथळा हा, चित्र हे, सारांश हा. दुवा कुठेही टाकला की ते संकेतस्थळ या खुणा वाचतं. आज व्हॉट्सॲप, टेलिग्राम, लिंक्डइन सगळेच त्या वाचतात. खुणा नसतील तर यंत्र हाताला लागेल ते चित्र उचलतं. पाककृतीच्या लेखाखाली जाहिरातीचं बोधचिन्ह येतं, सारांशाच्या जागी ‘मुख्यपृष्ठ, माझ्याविषयी, संपर्क’ येतं. वर्डप्रेसवर या खुणा भरायला फुकट प्लगइन मिळतात. ब्लॉगरवर ‘शोध वर्णन’ नावाचा रकाना असतो, तो बहुतेक जण रिकामा ठेवतात. लेखावर चार दिवस घालवलेल्या माणसाने या दोन ओळींसाठी दहा मिनिटं काढावीतच. पुष्कळ लोक लेखाचं तेवढंच वाचणार असतात.

आता दुव्यासोबत काय लिहावं. ‘वाचा, आवडल्यास शेअर करा’ एवढंच लिहून सोडलेल्या दुव्यावर सहसा कोणी जात नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट तोडलेली गोष्ट: ‘आणि मग तिने दार उघडलं तर... पुढे वाचा’. यातून एकदा वाचक येईल, पण फसवल्याची चीड घेऊन जाईल. मला पटलेली पद्धत स्टँटनचीच. तिथे जे लिहायचं ते तिथेच पूर्ण व्हावं. लेखातला एक प्रसंग, एक माहिती, एक मत, दीड-दोनशे शब्दांत, सुट्टं वाचलं तरी पोट भरेल असं. ज्याला तेवढंच पुरलं तो तृप्त होऊन जाईल. ज्याची भूक वाढली तो आपण होऊन लेखापर्यंत येईल, आणि असाच वाचक पुन्हा पुन्हा येत राहतो.

दुवा पोस्टमध्ये द्यावा की पहिल्या प्रतिक्रियेत, यावर ब्लॉगरांत सतत चर्चा चालते. तिच्या मागे एक खरं कारण आहे. या कंपन्यांचं उत्पन्न जाहिरातींवर चालतं, जाहिरात दिसायला माणूस त्यांच्याच पानावर राहावा लागतो, आणि दुवा म्हणजे बाहेर जायची वाट. जानेवारी 2018 मध्ये मार्क झुकरबर्गने जाहीर केलं की फेसबुकवर इथून पुढे मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी दिसतील, पानांच्या आणि प्रकाशनांच्या मागे जातील. त्यानंतर कित्येक संकेतस्थळांची वाचकसंख्या घसरली. ऑक्टोबर 2023 मध्ये एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) दुव्यांखालचा मथळाच काढून टाकला आणि नुसतं चित्र ठेवलं. पुढे मथळा लहान अक्षरांत परत आला. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात आजही दुवा चालत नाही, तो द्यावा लागतो स्वतःच्या ओळखीच्या रकान्यात किंवा स्टोरीत. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा आणि तोही बदलता. म्हणून या युक्त्यांमागे फार धावू नये. एक ठिकाण निवडावं, जिथे आपल्या विषयाची माणसं आधीपासून जमतात, आणि तिथे रुळावं. स्वयंपाकाचा ब्लॉग असेल तर इन्स्टाग्राम आणि यूट्यूब, गडकोटांचा असेल तर फेसबुकवरचे भटक्यांचे गट, चालू घडामोडींचा असेल तर एक्स. सगळीकडे एकच मजकूर चिकटवत फिरणारा माणूस कुठेच कोणाच्या ओळखीचा होत नाही.

मराठी वाचकाचं खरं वाचनालय मात्र व्हॉट्सॲप आहे. तिथली ब्लॉगरची सर्वांत मोठी तक्रारही सर्वांना ठाऊक आहे: लेख फिरतो, नाव गळतं. लेखकाचं नाव शेवटच्या ओळीत असतं. पहिल्या दहा-वीस हातांमध्ये कोणीतरी ती ओळ कापतो. पुढे कोणीतरी वर एखाद्या मोठ्या साहित्यिकाचं नाव चढवतो, आणि आठवड्याने तो लेख ‘सुंदर विचार’ म्हणून मूळ लेखकाच्याच कुटुंबाच्या गटात येऊन पडतो. हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. भारताच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेख लिहिला त्या क्षणी हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. आणि कलम 57 लेखकाला आपलं लेखन आपल्या नावाने ओळखलं जाण्याचा वेगळा अधिकार देतं. पण हजारो हातांतून गेलेल्या फॉरवर्डवर खटला कोणावर भरणार?

इथे पुन्हा स्टँटनची गोष्ट कामी येते. फेब्रुवारी 2013 मध्ये त्याच्या एका चाहत्याला बँकॉकमधल्या डीकेएनवाय या फॅशन कंपनीच्या दुकानात त्याची छायाचित्रं लावलेली दिसली. परवानगी घेतलेली नव्हती. चाहत्याने त्याला कळवलं. स्टँटनने वकील गाठला नाही. त्याने फेसबुकवर लिहिलं की आपल्याला पैसे नकोत, कंपनीने ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीतल्या वायएमसीए या संस्थेला एक लाख डॉलर द्यावेत. हजारो लोकांनी ती पोस्ट पुढे पाठवली. त्याच दिवशी कंपनीने माफी मागितली आणि 25,000 डॉलर दिले. उरलेली रक्कम वाचकांनीच वर्गणी काढून भरली, किंबहुना जास्तच भरली. बँकॉकच्या दुकानात ती छायाचित्रं ओळखणारा माणूस होता, कारण ती कोणाची हे त्याला पाठ होतं. चोरीवर सर्वांत चांगला पहारा ओळखीच्या वाचकांचा असतो. मराठी ब्लॉगरच्या बाबतीतही निनावी फॉरवर्डखाली ‘हा लेख अमुक यांचा आहे, मूळ दुवा हा’ असं लिहिणारी माणसं असतातच. ती मिळवावी लागतात.

शिवाय काही साधी काळजी आपल्या हाती आहे. संपूर्ण लेख व्हॉट्सॲपवर चिकटवण्याऐवजी दुवा आणि वर सांगितलेला पूर्ण-आशयाचा तुकडा पाठवावा. नाव शेवटी न ठेवता मजकुरात गुंफावं: ‘माझ्या आजोळी, संगमेश्वरला’ अशा वाक्यातलं स्वतःचं अस्तित्व कापायला लेखच मोडावा लागतो. आणखी एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. अफवांना आळा घालण्यासाठी व्हॉट्सॲपने 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल 2020 पासून खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. फॉरवर्ड होत होत दमलेला दुवा असा अडतो. वाचकाने ब्लॉगच्या पानावरचं शेअरचं बटण दाबून पाठवला, तर तो नवा संदेश ठरतो. म्हणून ते बटण लेखाच्या शेवटी, ठळक, हवंच.

व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक मोजणंही अवघड. माणूस तिथून आला, हे सहसा नोंदलं जात नाही. आकडेवारीत तो ‘थेट आलेला’ म्हणून दिसतो. 2012 मध्ये अलेक्सिस मॅड्रिगल या अमेरिकी पत्रकाराने या न दिसणाऱ्या वाटेला ‘डार्क सोशल’ म्हटलं. दुव्याच्या शेवटी यूटीएम नावाची खूण जोडली तर तो कोणत्या वाटेने आला ते कळतं, आणि खूण जोडून देणारी पानं फुकट उपलब्ध आहेत. मराठी ब्लॉगरने हे एकदा तरी करून पाहावं. फेसबुकवर घालवलेल्या तासांपेक्षा एका जुन्या वर्गमित्रांच्या गटाने अधिक वाचक दिले, असं दिसलं तर आपल्या वेळाची वाटणी बदलायला आधार मिळतो.

जाहिरातींच्या उत्पन्नाविषयी थोडक्यातच. सोशल मीडियावरून उसळून आलेली गर्दी एक-दोन दिवसांत ओसरते, आणि जाहिरातींचं उत्पन्न सातत्याने येणाऱ्या वाचकांवर उभं राहतं. ते वाचक बहुतांशी गूगलच्या शोधातून येतात. फेसबुकच्या भिंतीवरची पोस्ट चार दिवसांनी लिहिणाऱ्यालाही सापडत नाही. ब्लॉगवरचा लेख दहा वर्षांनी कोणीतरी शोधत येतं.

याच कारणासाठी मूळ लेखन ब्लॉगवरच असावं, असा माझा आग्रह आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे, फक्त माझ्या नव्हे तर साऱ्या मराठी ब्लॉगविश्वाच्या. ऑर्कुट या एके काळच्या सोशल नेटवर्कवर मराठी कवितांचे, पुस्तकांचे, गावांचे समूह गजबजलेले होते. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. त्याआधी 1 जुलै 2013 ला गूगल रीडर हे ब्लॉग एकत्र वाचायचं साधन गेलं आणि फीडमधून ब्लॉग वाचायची सवयच पुष्कळांची सुटली. गूगल प्लस आल्यावर पुढे ब्लॉगरवर एक सोय झाली: ब्लॉगच्या प्रतिक्रिया गूगल प्लसला जोडायची. कितीतरी जणांनी ती जोडली. 2019 मध्ये गूगल प्लस बंद झालं आणि त्या प्रतिक्रियाही पुसल्या गेल्या. वाचकांनी आपुलकीने लिहिलेल्या आठवणी, दुरुस्त्या, पत्ते, सगळं. फेसबुकवर लांब लेखनासाठी ‘नोट्स’ हा विभाग होता. ऑक्टोबर 2020 नंतर तिथे नवं लिहिता येईनासं झालं. ब्लॉगवर लावलेली ‘ई-मेलने लेख मिळवा’ ही चौकट फीडबर्नर या सेवेवर चालायची. 2021 मध्ये ती ई-मेल जाणं थांबलं. ज्यांनी वेळेत यादी उतरवून घेतली त्यांचे वाचक राहिले.

यादी हा शब्द मला ब्लॉगरांनी गिरवावा असं वाटतं. मारिया पोपोवा या लेखिकेने 2006 साली आपल्या सात सहकाऱ्यांना दर आठवड्याला एक ई-मेल पाठवायला सुरुवात केली: वाचलेलं, आवडलेलं काहीतरी. त्यातून ‘ब्रेन पिकिंग्ज’ हा ब्लॉग झाला, आज त्याचं नाव ‘द मार्जिनेलियन’ आहे. तिने ट्विटर आणि फेसबुक दोन्ही भरभरून वापरलं, पण लेख कायम स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवले आणि ई-मेलची यादी सोडली नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो ब्लॉग आपल्या कायमच्या संग्रहात घेतला आहे. मराठी वाचक ई-मेल उघडून लेख वाचेल का, ही शंका रास्त आहे. तरी परदेशातला मराठी वाचक, ज्याचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो, त्याला ई-मेल सोयीचं जातं. इथल्यांसाठी सप्टेंबर 2023 मध्ये भारतात आलेले व्हॉट्सॲप चॅनल बरे. तिथले अनुयायी मात्र कंपनीच्या हाती असतात, त्यांची यादी आपल्याला मिळत नाही. दोन्ही ठेवावं.

पुन्हा एकदा स्टँटनकडे येऊ. 2015 च्या जानेवारीत त्याने ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल या गरीब वस्तीतल्या एका शाळकरी मुलाचं छायाचित्र टाकलं. तुझ्यावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा, या प्रश्नाला मुलाने शाळेच्या मुख्याध्यापिका नादिया लोपेझ यांचं नाव सांगितलं. वाचकांनी विचारलं, या शाळेसाठी काय करता येईल? स्टँटन शाळेत गेला, लोपेझ यांच्याशी बोलला, आणि मुलांना हार्वर्ड विद्यापीठ दाखवायला नेण्यासाठी एक लाख डॉलरचं आवाहन केलं. जमले सुमारे 14 लाख. याला ‘व्हायरल’ म्हणून बाजूला सारणं चुकीचं आहे. चार-पाच वर्षं रोज येणाऱ्या गोष्टींनी कमावलेला विश्वास त्यामागे होता, आणि शाळेविषयी विचारणारे प्रश्न वाचकांकडून आले होते.

या प्रश्नांसाठीच मराठीत सोशल मीडियाचा वापर वाढावा असं मला मनापासून वाटतं. समजा, कोणी मोडी लिपीतल्या जुन्या कागदांवर ब्लॉग लिहितो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे अक्षर बदलतं. पेशवे दफ्तराच्या रुमालांत अशा कागदांचे ढीग आहेत आणि घराघरांतल्या ट्रंकांत किती असतील याची गणती नाही. घरातला एखादा सारावसुलीचा कागद त्याने वाचला, पण एका ओळीतलं गावाचं नाव लागत नाही. तेवढ्या ओळीचं छायाचित्र त्याने मोडी शिकणाऱ्यांच्या फेसबुक गटात टाकलं. एकाने अक्षरांची फोड सुचवली. दुसऱ्याने, तो त्याच तालुक्यातला, सांगितलं की ते गाव आता धरणाखाली आहे आणि उठलेली माणसं अमुक ठिकाणी वसली. तिसऱ्याने आपल्या घरातल्या कागदाचं छायाचित्र जोडलं, त्यात तेच नाव वेगळ्या वळणात होतं. रात्रीपर्यंत त्या पोस्टखाली एका प्रकरणाची सामग्री गोळा झाली, आणि तीन दिवसांत ती गटाच्या तळाशी गेली.

आता ब्लॉगरचं काम सुरू होतं. त्या तिघांना विचारून, त्यांच्या नावानिशी, ही माहिती लेखाला पुरवणी म्हणून जोडायची. अक्षराची फोड, गावाचा ठावठिकाणा, दुसऱ्या कागदाचं छायाचित्र. लेखाचा पत्ता रोमन लिपीत, गावाच्या नावासकट. मग गटात त्याच पोस्टखाली दुवा द्यायचा, ज्यांनी मदत केली त्यांना तो स्वतंत्र पाठवायचा. आपलं नाव लेखात पाहिलेला माणूस तो दुवा आपल्या गावच्या, भावकीच्या गटात टाकतोच. त्या गटातल्या कोणाच्या तरी माळ्यावर आणखी एक ट्रंक असते.